जीवराम आबाचा सूर

लग्नात सनई वाजते तेव्हा ती एकटी वाजत नसते. शेजारी दुसरा एक माणूस तसंच एक वाद्य तोंडाला लावून बसलेला असतो. त्याची बहुतेक भोकं मेणानं बुजवलेली असतात आणि त्यातून एकच स्वर निघतो, तासन्‌तास, न थांबता. ह्याला सूर धरणं म्हणतात, आणि त्या वाद्यालाही सूरच म्हणतात. लोक सनईवाल्याला नारळ देतात, फेटा बांधतात, त्याचं नाव विचारतात. सूर धरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. फार तर एखादी म्हातारी त्याचे फुगलेले गाल बघून म्हणते, "बिचाऱ्याले पाणी तं द्या."

आमच्या गल्लीतला जीवराम आबा पस्तीस वर्षं असा सूर धरत आला. गाव पारोळ्यापासून दोन कोसांवर. सनई त्याच्या थोरल्या भावाची, चुडामण नानाची. संबळ वाजवायला भटू. तिघांचा ताफा अमळनेरपासून धुळ्यापर्यंत ठाऊक होता, पण त्याला नाव एकच होतं, 'चुडामणची सनई'. मी एकदा चिडून आबाला विचारलं होतं, "तुमचं नाव का नाही घेत कोणी?" तो म्हणाला, "भिंतनं नाव कोन लेस? चित्रनं लेतस." मला हे असलं शहाणपण सोसत नाही. पण तो दमला होता, म्हणून मी वाद घातला नाही.

दमलेला तो नेहमीच असायचा. सूर धरायचा म्हणजे श्वास तोडायचा नाही. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवी घ्यायची. त्यात ह्यांच्या घराण्याचा एक नेम होता. नवरदेव हळदीच्या पाटावर बसला की तो उठेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. सनई मध्ये थांबली, संबळ थांबला तरी चालेल, सूर थांबला तर अपशकुन. आता आमच्याकडची हळद तुम्हाला ठाऊक आहे. एकेक आत्या, एकेक मावशी, रुसलेली एखादी काकू, तिला आणायला गेलेले दोघे, त्यांची वाट बघणारा सगळा मांडव. कधी दीड तास, कधी दोन. तेवढा वेळ आबा डोळे मिटून फुंकत बसलेला.

त्याचा सूर शिसवाचा होता. बापाच्या वापरातला, बापाला धुळ्याच्या एका कातारी म्हाताऱ्यानं करून दिलेला. चाळीस वर्षं तेल पिऊन तो जांभळासारखा काळा झाला होता. लग्नसराई संपली की आबा त्याला तिळाचं तेल पाजून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा. बेबाबाई, त्याची बायको, म्हणायची की एवढं तेल माझ्या केसांना मिळालं असतं तर मी अजून तरणी दिसले असते.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात तो सूर तडकला. त्या वर्षी उन्हाळा असा होता की पंपाचे लोखंडी हँडल फडकं धरून हलवावे लागत. वरच्या टोकापासून तिसऱ्या भोकापर्यंत चीर गेली. बाहेर उन्हाची कोरडी झळ आणि आत थुंकीची ओल, लाकूड किती सोसणार? आबानं मेण भरलं, सूत गुंडाळलं, लाखेचा लेप दिला. पण हवा निसटायची ती निसटायचीच. जेवढा सूर आधी एका फुंकीत निघायचा त्याला आता दीड फुंक लागू लागली.

इथे मी शिरलो. न शिरतो तर बरं झालं असतं.

मी तेव्हा जळगावला एका पाइपच्या कारखान्यात होतो आणि मेहरुणला खोली घेऊन राहत होतो. केळीच्या बागांना नळ्या घालायचं वेड तेव्हा नुकतं लागलं होतं. प्लास्टिकवर माझा असा जीव होता की माझ्या बायकोनं एकदा विचारलं, लग्न कोणाशी लावलंय. पाण्यानं कुजत नाही, वाळवी खात नाही, उन्हानं तडकत नाही. माझं म्हणणं, लाकडानं आता चुलीत जावं. फिटिंगसाठी येणारा काळ्या प्लास्टिकचा एक भरीव दांडका मी मागून घेतला आणि आबाचा तडकलेला सूर नमुन्याला घेऊन भुसावळला माझ्या मेहुण्याकडे गेलो. मेहुणा रेल्वेत लेथवर होता. त्यानं दोन रविवार घालवून एका ओळखीच्याच्या लेथवर तो दांडका बाहेरून कातला, आतून निमुळतं भोक पाडलं, मापानं भोकं पाडली. खाली जुनाच पितळी प्याला बसवला, वर ओठांत धरून फुंकायची ती जुनीच ताडाची पत्ती. दिसायला अगदी सुबक. आबानं हातात घेऊन उलटासुलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"पंडित, हायले वासच नही."

"वास घ्यायचाय का वाजवायचंय?" मी म्हटलं.

त्यानं वाजवला. स्वर निघाला तो सरळ, ठाम, कुठे थरथर नाही. आणि आबाच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते इतक्या वर्षांत कोणी पाहिलं नसेल. फुंकताना त्याच्या कपाळावरची शीर फुगली नव्हती. त्या उन्हाळ्यात उरलेल्या दोनचार आटोपशीर हळदी त्यानं त्या नळीवर काढल्या. घरी येऊन तो भाकरी खायला लागला. आधी तसाच आडवा व्हायचा. बेबाबाईनं नळीला हळदकुंकू लावलं आणि मला पुरणाची पोळी खाऊ घातली. "आते ह्यासना जीव वाची," ती म्हणाली. मला वाटलं ती नेहमीचं बायकांचं बोलतेय. तिनं मग आवाज खाली करून सांगितलं. दोन वर्षांपासून आबाच्या जांघेत गाठ येत होती. फुंकून फुंकून आतडं खाली उतरत होतं. पारोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हर्निया आहे, ऑपरेशन करा आणि फुंकणं सोडा. ऑपरेशनला आबा घाबरत होता आणि फुंकणं सोडायचा तर प्रश्नच नव्हता. तो पट्टा बांधून वाजवत होता. म्हणजे माझी नळी खरंच त्याचा जीव वाचवणारी होती. मी तर हवेतच चालायला लागलो.

पण त्याच दिवाळीनंतरच्या लग्नांत कुरबूर सुरू झाली. अमळनेरला एका मोठ्या घरच्या हळदीत नवरीकडचा एक जाणकार पाहुणा उठून भटूला विचारून गेला, "ह्यांचं जमत नाहीये का आज? सनई उतरलेली वाटते." पुढे एरंडोलला तेच. मग पारोळ्याला. चुडामण नाना तसा शांत माणूस, पण त्या दिवशी मांडवातून बाहेर येऊन त्यानं नळीकडे बोट दाखवलं. "हाई पंडितनी नळी बेसूर शे. प्लास्टिक ते प्लास्टिक. बादल्या करानं काम तिनं." लोकांनाही ते पटलं. लाकडाची सर प्लास्टिकला कुठली येणार, असं तर जो तो म्हणतोच. म्हणणाऱ्याला लाकूड आणि प्लास्टिक डोळे मिटून ओळखता येतं का, हे कोणी विचारत नाही.

माझं डोकं फिरलं. माझ्या मेहुण्यानं मापानं केलेलं काम, त्याला बेसूर? मी पुढच्या रविवारी गावी आलो, आबाला धरून प्राथमिक शाळेत नेलं. शाळेत प्रार्थनेसाठी बाजाची पेटी होती, गुरुजींकडून किल्ली आणली. पेटीचा स्वर दाबून धरला आणि आबाला म्हटलं, वाजवा. त्यानं वाजवलं. स्वर पेटीच्या स्वरावर असा बसला की दोन वेगळे आहेत हे कळेना. दहा मिनिटं वाजवून घेतलं, वीस मिनिटं वाजवून घेतलं, नळी केसभरही हलली नाही.

"बघा!" मी पेटीचा भाता सोडून ओरडलो. "नळी सुरात आहे. मग बेसूर कोण? नाचता येईना अंगण वाकडं! तुमचा नाना उतरतोय, आबा, नाना!"

आबा बाकावर बसला होता, मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर करून. त्यानं नळी मांडीवर ठेवली. तो दचकला नाही, तेव्हा मला कळलं की त्याला हे माहीत होतं.

"हळू बोल," तो म्हणाला. "आठ वरीस व्हयनात."

मग त्यानं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी नानाचे समोरचे दोन दात गेले. तेव्हापासून पहिली वीसपंचवीस मिनिटं नानाचा स्वर जागेवर असतो. मग ओठ थकतात, पकड सुटते आणि सनई हळूहळू खाली यायला लागते. नानाला ते कळत नाही. पण सूर सरळ राहिला आणि सनई खाली आली तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून आबा आपला सूरही तिच्याबरोबर खाली आणत होता. ओठ थोडे सैल सोडायचे, पत्ती जरा बाहेर धरायची, फुंक कमी-जास्त करायची. बापाचा तो जुना सूर आतून झिजलेला होता, ओठ नेईल तिकडे जायचा. दोन तासांत दोघे मिळून पाव स्वर खाली आलेले असत आणि मांडवात कोणाला पत्ता नसे. दोघे बरोबर उतरले तर ते उतरणं ऐकू येत नाही.

"आनि हाई तुनी नळी," आबा म्हणाला, "हाई व्हटनं ऐकत नही. मी कितलं बी सैल सोडं तरी जठली तठेच."

प्लास्टिकचा जो गुण मी गावभर सांगत फिरलो होतो तोच नानाच्या मुळावर आला होता. मी मेहुण्याकडून भोक जरा मोठं करून आणलं. मग नळी घुबडासारखी घुमायला लागली. लाकडाचा नवा सूर करून घ्या म्हटलं, तर धुळ्याचा तो म्हातारा कधीच गेला होता, आणि आबा म्हणाला, नवं लाकूडही नवंच, त्याला वळण लागायला वीस वर्षं पाहिजेत. कारखान्यातल्या एका साहेबाला मी हळूच विचारलं. तो म्हणाला, आवाज लाकडाचा नसतो न् प्लास्टिकचाही नसतो, आतल्या भोकाच्या आकाराचा असतो. असेल. पण त्या जुन्या भोकाचा आकार चाळीस वर्षांच्या फुंकीनं केला होता, तो मी कुठल्या लेथवर आणणार होतो?

"मग नानांना सांगून टाका," मी म्हटलं. "किती दिवस चालणार हे?"

"त्याले सांगसू तं तो दुसरा दिन सनई हात लावनार नही. मी त्याले वळखस. आनि सनई सोडीसन तो काय करी? त्यानं दुसरं काय शे?"

नानाची बायको कधीच वारली होती. मूल नव्हतं. हे मलाही ठाऊक होतं.

पुढच्या लग्नात आबानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की प्लास्टिकची नळी भिकार आहे, नाना म्हणतो तेच खरं. पेटीतून तडकलेला सूर काढला, नवं सूत गुंडाळलं, नवी लाख ओतली आणि बसला. ही गोष्ट मला जळगावला कळली तेव्हा मला इतका राग आला की तीन महिने मी गावी गेलो नाही. माझी बदनामी झाली ती झाली. वर ज्या माणसाला मी जरा बरं खायला-झोपायला लावलं होतं, तो आपल्या हातानं पुन्हा त्या फुटक्या लाकडाकडे गेला.

बेबाबाई मला जळगावला येऊन भेटली. एवढी वाट एकटी एसटीनं आली होती. पायरीवर बसून म्हणाली, "तुम्ही शिकेल शेतस. त्यासले सांगा. दिवसमां दोनदा गाठ आत लोटतस." आत लोटतात, म्हणजे बोटांनी. मी पाणी आणायच्या निमित्तानं घरात गेलो, कारण माझ्याच्यानं ऐकवेना. नानाचं कोणाला सांगणार नाही असा आबाला शब्द दिला होता म्हणून मी तिला खरं कारणही सांगू शकलो नाही. ती समजून गेली असावी की पुरुषांचं काही तरी आहे, आणि ती तशीच उठून परत गेली.

असं तीन उन्हाळे चाललं. चीर दर उन्हाळ्यात जरा खाली सरकायची. आबाची छाती बारीक होत गेली आणि मान जाड. मी एका हळदीला मुद्दाम मागे उभं राहून ऐकलं. पहिला अर्धा तास काही नाही. मग, आता मला माहीत होतं म्हणून, मला ते उतरणं ऐकू आलं. आधी नाना, आणि त्याच्या मागे लगेच आबा, जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाचा हात धरून एकेक पायरी उतरावं तसं. मांडवातले लोक खूश होते. नवरदेवाच्या मामानं नानाच्या डोक्याला फेटा बांधला. आबाचे डोळे मिटलेले होते आणि त्याच्या मानेवरून घाम सदऱ्यात जात होता.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात, शिंदखेड्याकडच्या एका हळदीत, नवरदेवाची आत्या यायला उशीर झाला. बस बंद पडली होती. आत्याशिवाय हळद पुरी होत नाही म्हणून नवरदेव पाटावर बसून राहिला, आणि तो बसला म्हणून सूर थांबवता येईना. भटू सांगतो, पावणेतीन तास झाले. नाना मध्ये दोनदा थांबून पाणी प्याला. आबा थांबला नाही. नवरदेव उठला, आबानं सूर खाली ठेवला, आणि त्याला उठता येईना. आतडं उतरलं होतं ते परत आत जाईना. त्याच मांडवाच्या जीपमध्ये घालून त्याला धुळ्याला नेलं आणि तासाभरात पोट उघडलं. थोडं आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं.

मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. दवाखान्याच्या लांब खोलीत आबा खिडकीजवळच्या खाटेवर होता. इतका लहान दिसत होता की मी आधी पुढे निघून गेलो. बेबाबाई खाली चहा आणायला गेली होती. चुडामण नाना स्टुलावर बसला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की जीव वाचला, पण आता फुंकर मारून दिवासुद्धा विझवायचा नाही.

आबानं डोळे उघडले, मला बघितलं आणि मान हलवली. मग नानाकडे वळून म्हणाला, "परवानी पारोळानी हळद शे. सूर कोन धरी?"

"बठ्ठ्या सुपाऱ्या परत कऱ्यात," नाना म्हणाला. पुढची घेतलेली सगळी कामं त्यानं सोडली होती.

"कसाले? तुनी सनई तं चांगली शे. भटूना साडूले बसाड. त्याले येस."

पुढचे दात गेलेले नानाचे ओठ आत-बाहेर होत होते. मग तो म्हणाला, "त्याले सूर धरता येस. त्याले मनी सनईमांगे उतरता नही येणार."

आबा त्याच्याकडे बघत राहिला.

"तुले माहीत व्हतं?"

"माले ऐकू येस ना, जीवराम. मी सनईवाला शे."

"कधपासून?"

"पहिलेपासून."

मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला त्या म्हाताऱ्याचा सदरा धरून त्याला स्टुलावरून उठवावंसं वाटलं. मी म्हटलं, "आणि नळीला बेसूर म्हणालात ते? चार गावांत?"

"तुनी नळी खाली सरकेचना," नाना माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी उघडा पडनू. मंग काय सांगू लोकेसले?"

"आबाचं पोट माहीत होतं तुम्हाला?"

त्यानं होय म्हणून मान हलवली. मग भावाकडे वाकला. "मी सांगतू तं तू म्हनता, नाना आते बस कर. माले बस करनं नव्हतं रे. दर वरीस म्हनू, हाई एक लगीनसराई. बस, हाई एक." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. त्यानं आबाच्या हातावर हात ठेवला.

आबा छताकडे बघत होता. "मी कितलं हळूहळू सरकावत व्हतू," तो म्हणाला. "तुले कळाले नको म्हनीसन. कितलं हळू."



आबानं आपला हात त्याच्या हाताखालून काढून घेतला, आणि चादरीत ठेवला. "नाना, तू बाहेर बस," तो म्हणाला. "पंडितले बसू दे आठे."

नाना उठला. पस्तीस वर्षांत आबानं त्याला असं कधी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग दारातून बाहेर गेला. मी स्टुलावर बसलो. काही तरी बोलावं म्हणून विचारलं, फार दुखतंय का. आबानं मान हलवली, नाही म्हणून, आणि तोंड भिंतीकडे केलं.

"दुखत नही," तो म्हणाला. "मी थकनू, पंडित."